वडीलधारे हवेत, पण सभागृहात नकोत

२५ डिसेंबर २०२५ रोजी सोमालियाची राजधानी मोगादिशूच्या नागरिकांनी स्थानिक परिषदांसाठी मतदान केलं. १९६९नंतर या शहरातल्या सामान्य माणसाने स्वतःच्या हाताने मत टाकण्याची ही पहिलीच वेळ. प्रमुख विरोधी नेत्यांनी बहिष्कार घातला, सरकारने दिवस साजरा केला, आणि सोमालियाबद्दलचा जुना वाद पुन्हा वर आला: कुळांच्या वडीलधाऱ्यांचं आधुनिक राज्यकारभारात काम काय? एक बाजू म्हणते, हे म्हातारे म्हणजे प्रगतीच्या वाटेतली धोंड आहेत. एक माणूस एक मत आलं की ते आपोआप बाजूला पडतील. दुसरी बाजू म्हणते, मतपेटी हे बाहेरून लादलेलं सोंग आहे. झाडाखाली बसून चार-चार महिने बोलून निर्णय घेणं हीच सोमालींची खरी लोकशाही. दोन्ही बाजूंचे लोक वडीलधाऱ्यांना एक ठरीव वस्तू समजतात, जणू वर्षानुवर्षं ती जशीच्या तशी राहिली आहे आणि प्रश्न फक्त ती ठेवायची की फेकायची एवढाच आहे. प्रश्न तो नाहीच. वडीलधाऱ्याच्या शब्दाला वजन येतं कुठून, आणि ते वजन कधी जातं, हे आधी पाहायला हवं.

माझं म्हणणं असं आहे. सोमाली वडीलधाऱ्याचा अधिकार त्याच्या माणसांनी दिलेला असतो, आणि त्याने चुकीचा तोडगा आणला तर तीच माणसं तो काढून घेतात. सरकारने त्याला खासदार निवडायचं, मंत्रिमंडळाची मुदत वाढवायचं किंवा कायदे करायचं काम दिलं की त्याचं तोंड खालून वर वळतं. म्हणून भांडणं मिटवायला तो हवा. राज्यकर्ते निवडायला नको. हे दोन्ही एकाच वेळी म्हणता येतं, आणि म्हणायलाच हवं.

हा अधिकार चालतो कसा ते जरा जवळून पाहू. दोन भावक्यांच्या गुराख्यांत विहिरीवरून वाद होतो, एक तरुण मारला जातो. मारेकऱ्याला पकडायला पोलीस यायचे तेव्हा येतील. त्याच्या आत मेलेल्याचे भाऊ बंदूक घेऊन निघालेले असतात. पहिलं काम असतं त्यांना थांबवण्याचं. तिसऱ्या, तटस्थ कुळाचे वडीलधारे मध्ये पडतात, दोन्हीकडून शांततेचा शब्द घेतात, मग बैठक बसते. कोण कोणाला काय बोललं, पूर्वी अशाच प्रकरणात काय ठरलं होतं, दोन्ही भावक्यांत आधीचा करार काय आहे, हे सगळं तोंडपाठ सांगणारी माणसं तिथे असतात. शेवटी दिया, म्हणजे जिवाची भरपाई, ठरते. रूढीने पुरुषाच्या जिवाची शंभर उंट. ती एकटा मारेकरी देत नाही, त्याची सगळी भावकी वर्गणी काढून देते. म्हणूनच प्रत्येक भावकीला आपल्या तापट पोरावर लक्ष ठेवावं लागतं. वर्गणी द्यायला नकार देणाऱ्याला झाडाला बांधून त्याच्या डोळ्यांदेखत त्याची जनावरं कापली जात, असंही या व्यवस्थेत घडत आलेलं आहे. तेव्हा हे कोणी गोंडस मानू नये. पण एक गोष्ट खरी की इथे निकाल अमलात आणणारं हत्यार म्हणजे संमती. वडीलधाऱ्याकडे शिपाई नाही, तुरुंग नाही. त्याचा शब्द लोकांना पटेनासा झाला तर ते दुसऱ्याकडे जातात.

सरकारांनी या माणसाचं काय केलं, हा इतिहास खूप बोलका आहे, आणि त्याची सुरुवात मराठी वाचकाच्या ओळखीच्या एका दफ्तरात होते. १८८४ साली ब्रिटिशांनी सोमाली किनाऱ्यावरच्या कुळांशी करार केले ते एडनमधून, आणि एडन तेव्हा मुंबई इलाख्याचा भाग होतं. कारण साधं होतं: एडनच्या छावणीला मटण हवं होतं आणि मेंढ्या समोरच्या किनाऱ्यावर होत्या. १८९८पर्यंत हा मुलूख हिंदुस्थान सरकारच्या कारभाराखालीच होता. त्याच मुंबई सरकारने करारांच्या दहा वर्षं आधी, १८७४ साली, वतनाचा कायदा करून आपल्याकडच्या पाटील-कुलकर्ण्यांची गावकीतली जागा सरकारी कलमांत बसवली होती. सोमाली मुलखात पुढे तेच झालं. भावकीच्या मान्यतेने बोलणाऱ्या माणसाला ‘अकील’ म्हणून नेमलं, त्याला तनखा लावला, आणि त्याच्या माणसांनी गुन्हा केला तर त्याला जबाबदार धरलं. वरून पाहिलं तर परंपरेचा केवढा सन्मान! प्रत्यक्षात त्याच्या पोटाची दोरी जिल्हाधिकाऱ्याच्या हातात गेली.

१९६९च्या ऑक्टोबरात लष्करी उठाव करून आलेल्या सियाद बारेने उलटं टोक गाठलं. कुळाचं नाव काढायला बंदी, दिया बेकायदा, कुळवादाचे पुतळे मिरवून जाळले. आणि वडीलधारे? त्यांना नाहीसं करणं जमलं नाही, म्हणून ‘नबदोन’ असं नवं नाव देऊन सरकारी यंत्रणेत घेतलं. वर कुळवादाविरुद्ध भाषणं चालू होती आणि आत सत्ता बारेचं स्वतःचं, त्याच्या आईचं आणि जावयाचं अशा तीन कुळांत वाटली जात होती. १९८८मध्ये त्याच्याच विमानांनी उत्तरेतलं हर्गेसा शहर बेचिराख केलं, कारण तिथल्या इसाक कुळाच्या लोकांनी बंड केलं होतं. कुळाचं अस्तित्व नाकारणारं राज्य कुळ पाहून बॉम्ब टाकत होतं. वडीलधाऱ्यांना फर्मान काढून मोडीत काढा म्हणणाऱ्यांनी हा प्रयोग एकदा नीट वाचावा.

आता माझ्या म्हणण्याला सर्वांत मोठी अडचण. वडीलधाऱ्यांनी राज्य उभं करू नये म्हणता, मग बोरामाचं काय? ही अडचण खरी आहे, तिला बगल देता येत नाही. १९९१च्या जानेवारीत बारे पळाला, मे महिन्यात उत्तरेतल्या सोमालीलँडने बुरोच्या परिषदेत स्वातंत्र्य जाहीर केलं, आणि पाठोपाठ तिथेही विजयी बंडखोरांच्याच टोळ्या एकमेकांवर उठल्या. बर्बेरा बंदरासाठी इसाक कुळाच्याच शाखांत रक्त सांडलं. तेव्हा बंडाच्या काळात इथिओपियातल्या निर्वासित छावण्यांत लढवय्ये आणि शिधा गोळा करणारं वडीलधाऱ्यांचं मंडळ, म्हणजे ‘गुर्ती’, पुढे आलं. जानेवारी १९९३मध्ये बोरामा गावात परिषद बसली. हे गाव गदाबुर्सी कुळाचं, यादवीत बंडखोरांच्या विरुद्ध बाजूला राहिलेल्यांचं. जिंकलेले लोक हरलेल्यांच्या घरी पाहुणे म्हणून गेले, यातच अर्धं काम झालं होतं. मताधिकार असलेले सुमारे दीडशे वडीलधारे चार महिने बसले. खर्च बराचसा स्थानिक लोकांनी आणि परदेशी गेलेल्या सोमालींनी उचलला. तिथे शांततेची सनद ठरली, हत्यारं कशी जमा करायची ते ठरलं, आणि लष्करी नेतृत्वाकडून सत्ता काढून मोहम्मद इब्राहिम एगाल या जुन्या मुलकी नेत्याला दिली गेली. त्याच सुमारास दक्षिणेत संयुक्त राष्ट्रं आणि अमेरिका हजारो सैनिक आणि अमाप पैसा ओतत होती आणि मोगादिशू धुमसत होतं. बोरामा हा विसाव्या शतकाच्या अखेरीचा आफ्रिकेतला एक थोर राजकीय प्रसंग आहे, असं मी मानतो.

पण बोरामात वडीलधारे बसले होते ते कोणाच्या नेमणुकीने? कोणाच्याच नाही. तेव्हा सरकारच नव्हतं. प्रत्येकाला रोज संध्याकाळी आपल्या माणसांना तोंड द्यायचं होतं, आणि त्यांना न पटणारा करार करून तो परतला असता तर करार दुसऱ्या दिवशी मोडला असता. बोरामाचं यश त्या बांधिलकीचं होतं. पुढे नेमकी तीच बांधिलकी संस्थेने खाऊन टाकली. गुर्ती हे संसदेचं वरचं सभागृह झालं, ८२ जागांचं. २००१च्या राज्यघटनेने त्याला सहा वर्षांची मुदत दिली आणि सभासदांची निवड कशी व्हायची ते कायद्याने ठरवायला सांगितलं. १९९७नंतर ही निवड पुन्हा झालीच नाही. सभागृह स्वतःच्या मतांनी स्वतःची मुदत वाढवत राहिलं, सभासद वारला की त्याचा मुलगा किंवा जवळचा नातलग त्या जागी बसू लागला. शेख इब्राहिम शेख युसुफ शेख मदार यांच्यासारखा सर्वांनी मानलेला अध्यक्ष २००४ साली गेल्यावर तर या सभागृहाची नैतिक उंची झपाट्याने उतरली. ऑक्टोबर २०२२मध्ये त्याने राष्ट्राध्यक्ष मुसे बिही यांना दोन वर्षं आणि स्वतःला पाच वर्षं वाढवून दिली. विरोधक त्याआधीच रस्त्यावर उतरले होते. ज्यांनी बोरामात बंदुका खाली ठेवायला लावल्या त्यांचीच गादी चालवणारे आता भांडणाला कारण होत होते. लोकांनी शेवटी १३ नोव्हेंबर २०२४ रोजी मतदान करून बिहींना घरी पाठवलं, शांतपणे. गुर्ती मात्र जागच्या जागी आहे.

तुलनेसाठी सोमालीलँडची २००३ची राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक आठवा. निवडणूक आयोगाने पहिल्यांदा निकाल जाहीर केला तेव्हा दाहिर रियाले आणि अहमद सिलान्यो यांच्यात फरक होता फक्त ८० मतांचा. अशा निकालावर जगात कुठेही दंगल पेटते. तिथे वडीलधारे, व्यापारी, धर्मगुरू सिलान्योंकडे गेले, समजूत काढली, प्रकरण न्यायालयात गेलं आणि हरलेल्याने हार मानली. इथे वडीलधाऱ्यांनी कोणाला निवडलं नाही, कोणाची मुदत वाढवली नाही. हेच त्यांचं काम, आणि ते त्यांच्याइतकं चांगलं दुसऱ्या कोणालाही जमलं नसतं.

दक्षिणेत तर बिघाड आणखी उघड आहे. २००० साली जिबूतीतल्या आर्ता परिषदेत साडेचारचं सूत्र रुजलं: दारोद, हविये, दिर आणि दिगिल-मिरिफ्ले या चार मोठ्या गटांना सारखा वाटा आणि उरलेल्या सगळ्यांना मिळून अर्धा. २०१२मध्ये १३५ वडीलधाऱ्यांनी घटना संमत करणारे ८२५ प्रतिनिधी आणि २७५ खासदार निवडले. तेव्हा दुसरा मार्ग खरोखरच नव्हता. देशाचा मोठा भाग अल-शबाब या इस्लामी बंडखोर संघटनेच्या ताब्यात असताना मतदारयादी कोण आणि कुठे करणार? हा मुद्दा मी पूर्ण मान्य करतो. पण जे काम अपवाद म्हणून दिलं ते नेम होऊन बसलं. २०१६मध्ये प्रत्येक जागेसाठी ५१ प्रतिनिधी, म्हणजे देशभरात १४,०२५ मतदार, आणि ते निवडणारे पुन्हा तेच १३५. एक्कावन्न माणसं विकत घेणं एखाद्या श्रीमंत उमेदवाराला कितीसं अवघड? मतं पाच हजारांपासून तीस हजार डॉलरपर्यंत विकली गेली, असं देशाच्या महालेखापरीक्षकांनीच तेव्हा सांगितलं. पुढच्या खेपेला एक्कावन्नाचे एकशे एक केले, पण तोवर प्रादेशिक राज्यांच्या अध्यक्षांनी प्रतिनिधींच्या याद्या आपल्या हाती घेतल्या होत्या आणि कित्येक जागी समोर उभा राहणारा उमेदवार हरण्यासाठीच आणलेला असे. वडीलधाऱ्याची सही हवी होती, त्याचं मत नको होतं. आणि सहीला किंमत आली म्हटल्यावर सही करणारेही वाढले. एकेका भावकीत दोन-दोन, तीन-तीन जण आपणच खरे म्हणून पागोटं बांधून उभे राहिले. परंपरा जपण्याच्या नावाखाली परंपरेचा असा बाजार झाला.

मग मतपेटी आली की कुळ जाईल का? नाही. मतपेटीच्या बाजूने बोलणाऱ्यांनीही स्वतःची फसवणूक करू नये. मार्च १९६९च्या निवडणुकीत १२३ जागांसाठी साठाहून अधिक पक्ष आणि हजारावर उमेदवार उभे होते, बहुतेक पक्ष म्हणजे एकेका भावकीची पाटी, आणि निवडून आल्यावर जवळजवळ सगळे सत्ताधारी पक्षात जाऊन बसले. सात महिन्यांत लष्कर आलं तेव्हा त्या संसदेसाठी रडायला फारसं कोणी नव्हतं. सोमालीलँडच्या २०२१च्या थेट संसदीय निवडणुकीत तेरा स्त्रिया उभ्या राहिल्या आणि ८२ जागांपैकी एकही त्यांना मिळाली नाही, कारण आपल्या कुळाची जागा बाईला, म्हणजे उद्या दुसऱ्या कुळात लग्न होऊन जाणाऱ्या माणसाला, कशी द्यायची, हा हिशेब मतदारांनीही केला. दक्षिणेत, त्या भ्रष्ट अप्रत्यक्ष पद्धतीत, राखीव कोट्याच्या दडपणाने स्त्रिया २०१६मध्ये सुमारे चोवीस टक्क्यांपर्यंत पोचल्या होत्या. ही गोष्ट माझ्या बाजूच्या लोकांना गैरसोयीची आहे, पण खरी आहे.

तरीही सोमालीलँडच्या त्याच २०२१च्या निवडणुकीत दुसरंही घडलं. गबोये समाज सोमालींमध्ये शतकानुशतकं हीन मानला गेला; चामडं, लोखंड, न्हाव्याचं काम करणारे, ज्यांच्याशी कोणी सोयरीक करत नाही. त्या समाजातला बरखद जामा बातून हा उमेदवार हर्गेसातून उभा राहिला आणि साऱ्या देशात सर्वाधिक मतं घेऊन निवडून आला. ही मतं त्याच्या समाजाची नव्हती. तेवढी माणसंच त्यात नाहीत. ती इसाक तरुणांची होती. एकशे पस्तीस काय, एक हजार पस्तीस वडीलधारे बसवले असते तरी बातूनला पहिला क्रमांक मिळाला असता का? वडीलधारा हा व्याख्येनेच आपल्या भावकीचा वकील असतो. मतपेटीच्या आडोशाला माणूस कधीतरी भावकीबाहेर पाहू शकतो. नेहमी पाहतो असं नाही, पण पाहू शकतो. बैठकीत सगळ्यांसमोर त्याला ते शक्यच नसतं.

बायका आणि हीन ठरवलेले समाज, इथेच वडीलधाऱ्यांविरुद्धचा सर्वांत भक्कम आक्षेप आहे, आणि तो फक्त सभागृहातल्यांना लागू नाही, झाडाखालच्यांनाही आहे. बाईच्या जिवाची दिया पुरुषाच्या निम्मी. बलात्काराचं प्रकरण दोन भावक्यांत उंट मोजून मिटतं, कधी मुलीचं लग्नच त्या माणसाशी लावून. तिला विचारायचं कोणालाच सुचत नाही. ज्याची भावकी लहान त्याच्या पारड्यात बंदुका कमी, म्हणून न्यायही कमी. आर्ताच्या परिषदेत कुळांच्या याद्यांत आपल्याला जागा नाही हे पाहून आशा हाजी एल्मी यांच्यासारख्या स्त्रियांनी ‘सहावं कुळ’ उभं केलं (चार मोठे गट आणि अर्ध्या वाट्याचा पाचवा, त्यापुढचं), म्हणजे बायकांचं, आणि त्या नावाने बसायला जागा मागितली. महाराष्ट्रातल्या वाचकाला इथे जातपंचायत आठवणार, आणि आठवायला हवी. आपण २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला तो याच अन्यायासाठी. फरक एवढाच की इथे जातपंचायतीने छळलेल्या बाईला जायला पोलीस ठाणं आहे, कोर्ट आहे. तिथे कित्येक जिल्ह्यांत वडीलधाऱ्यांच्या पलीकडे एकच कोर्ट चालतं, ते अल-शबाबचं. म्हणून तिथे पहिलं काम वडीलधाऱ्यांवर बंदी घालण्याचं नाही. बलात्कार आणि खून त्यांच्या हातून काढून घेणारं खरं न्यायालय उभारण्याचं आहे. सोमालियाच्या ईशान्येकडच्या पुंटलँड राज्याने २०१६ साली लैंगिक गुन्ह्यांचा कायदा केला. कागदावर का होईना, दिशा ती आहे.

बंदीने काय होतं याचा दाखला मोझांबिकने दिला आहे. १९७५मध्ये स्वातंत्र्य मिळताच सत्तेवर आलेल्या फ्रेलिमो पक्षाने गावोगावच्या पारंपरिक मुखियांना वसाहतवादाचे दलाल म्हणून हटवलं. त्यात तथ्य नव्हतं असं नाही. पोर्तुगिजांनी त्यांना तसंच वापरलं होतं. पण रेनामो बंडखोरांनी हेच दुखावलेले मुखिये जवळ केले, आणि अनेक भागांत ते बंडाचा आधार झाले. लाखो माणसं मेल्यावर, २०००मध्ये, त्याच फ्रेलिमो सरकारला एक फर्मान काढून या मुखियांना पुन्हा मान्यता द्यावी लागली. सोमालियात अल-शबाब हेच करते आहे: वडीलधाऱ्यांना बोलावते, धमकावते, खासदार निवडणाऱ्यांना ठार मारते, आणि वश झालेल्यांमार्फत कर गोळा करते. २०२२मध्ये हिरान भागात लोक तिच्याविरुद्ध उठले तेव्हा त्यांना एकत्र आणणारे वडीलधारेच होते, आणि सरकारी सैन्य त्यांच्या मागून गेलं. अशा लोकांना ‘अडगळ’ म्हणणारं राज्य कोणाच्या भरवशावर लढणार?

सोमालीलँडच्या पूर्वेकडच्या लास अनोद शहराने तर या वादाचा निकालच दिला आहे. तिथल्या धुलबहान्ते कुळाचे सभासद राजधानी हर्गेसाच्या गुर्तीत बसलेले होते, मानधन घेत होते. पण ६ फेब्रुवारी २०२३ रोजी गराद जामा गराद अली आणि इतर वडीलधाऱ्यांनी लास अनोदमध्ये जाहीर केलं की आम्हाला सोमालीलँड नको, मोगादिशूचं संघराज्य हवं. गुर्तीतल्या त्यांच्याच भाऊबंदांचा एक शब्द तिथे कोणी ऐकला नाही. काही महिने तोफा धडाडल्या, हजारो कुटुंबं घर सोडून गेली, आणि ऑगस्टमध्ये सोमालीलँडच्या फौजेला मागे हटावं लागलं. ज्या कुळाला सभागृहात बसवून आपण त्याचं मन जिंकलं असं हर्गेसाला वाटत होतं, ते कुळ सभागृहात कधी नव्हतंच.

कोणी विचारेल, बोत्स्वानात मुखिये सरकारी पगार घेतात, त्यांचं वेगळं सभागृह आहे, आणि तो देश तर सुरळीत चालला आहे. मग दोष सभागृहाचा कसा? हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याने माझं म्हणणं अधिक नेमकं होतं. तिथलं मुखियांचं सभागृह सल्ला देतं. कायदा अडवू शकत नाही, खासदार निवडू शकत नाही, कोणाची मुदत वाढवू शकत नाही. मुखियांच्या न्यायसभा रोज चालतात, पण खून आणि देशद्रोहाचे खटले त्यांच्यासमोर येत नाहीत आणि त्यांच्या निकालावर अपील करता येतं. म्हणजे पगार हा मूळ रोग नव्हे. सरकार बनवण्याचा आणि टिकवण्याचा अधिकार हातात आला की प्रत्येक राजकारणी त्या हाताला किंमत लावतो, आणि लावलेली किंमत नाकारत राहणारी माणसं कोणत्याही समाजात थोडीच असतात.

तेव्हा मोगादिशूने पुढच्या कोणत्याही निवडणुकीत, संसदेच्या असोत की राज्यांच्या, प्रतिनिधी निवडायचं काम पुन्हा १३५ जणांकडे नेऊ नये. मतदान अर्ध्या जिल्ह्यांतच शक्य असेल तर तिथे करावं, उरलेल्या जागांवर लवकर संपणाऱ्या मुदतीचे प्रतिनिधी घ्यावेत आणि ती मुदत पाळावी. विरोधकांचा बहिष्कार कसा मिटवायचा, कोणत्या शहरात कोणाची पोरं हत्यारं खाली ठेवतील, हे मात्र वडीलधाऱ्यांनाच विचारावं. निवडणुकीच्या आधी विचारावं, निकालानंतर नव्हे. आणि सोमालीलँडचे नवे राष्ट्राध्यक्ष अब्दिरहमान मोहम्मद अब्दुल्लाही इर्रो यांनी घटनेने मागितलेला गुर्तीच्या निवडीचा कायदा आणावा, त्यातून मुदतवाढीचा अधिकार काढावा, आणि आजच्या ८२ जणांना आपापल्या माणसांकडे जाऊन त्यांची मान्यता पुन्हा मागायला लावावी. ज्यांना ती मिळेल त्यांना लास अनोदला पाठवता येईल. तिथे बोलणी अजून बाकी आहेत.